नातू इंग्लिश मीडियमला, आजी अहिराणीत, आणि मधे आपण

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की माझी आई मालेगाव तालुक्यातली, तिची अहिराणी, म्हणजे खानदेशाकडचं बोलणं, मला सगळं कळतं पण बोलता येत नाही. बस्स, एवढंच. त्यावर जेवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले ना, तेवढे सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणावरही आले नव्हते. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ज्यांचे राहिले त्यांनी रागवू नका.

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मूळ आम्ही सटाण्याकडचे. सासरे गेल्यावर सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या, त्यांना अहिराणीच येते. मुलगा सात वर्षांचा, इंग्लिश मीडियम. त्याने मराठीच्या वहीत केळीला ‘केयी’ लिहिलं तर शाळेतून सांगितलं की घरी एकच भाषा ठेवा, मूल कन्फ्यूज होतंय. आता तो आजीला म्हणतो, तू नीट बोल ना. सासूबाई गप्पच झाल्यात. काय करू?

आधी त्या ‘केयी’चं बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पोराने चूक केली पण ती अडाणीपणाची नाही, नियमाने केली. अहिराणीत आपल्या ळ च्या जागी य येतो, शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, उखळ म्हणजे उखय. सात वर्षांच्या पोराच्या कानाने हा नियम कोणी न शिकवता पकडला, यात कन्फ्यूज काय आहे सांगा. त्याला फक्त एवढंच सांगायचं की वहीत केळी लिहायचं आणि आजीजवळ केयी म्हणायचं. शूज घालून शाळेत जातो आणि घरी काढून ठेवतो तेव्हा कन्फ्यूज होतो का तो? नाही ना. उलट त्याचा खेळ करा, तुम्ही ळ वाला शब्द सांगा, त्याने य वाला सांगायचा, चुकला तर आजी पंच.

दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं सुरुवातीला शब्दांची मिसळ करतात हे खरं, पण ते बिघडणं नसतं. कोणाशी काय बोलायचं हे ती हळूहळू बरोबर लावून घेतात, आपल्याकडे तर निम्मा देश असाच वाढलाय. त्या मॅडमवर मी चिडणार नाही, त्यांच्या वर्गात पन्नास पोरं असतील, पण हा सल्ला मानू नका.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. चौथीत होते, शाळेचं नाव कशाला घ्यायचं, पाठांतर स्पर्धेत स्टेजवर ‘डोळे’चं ‘डोये’ झालं आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हसले सगळे, बाईसुद्धा. घरी येऊन आईला म्हटलं होतं, तू माझ्याशी असं बोलू नको. तिने ऐकलं. माझ्याशी ती आयुष्यभर मराठीत बोलली, जरा अवघडून, आणि माहेरहून कोणी आलं की तिचा आवाजच बदलायचा, मोकळा व्हायचा. मला ते कळायला चाळिशी उजाडली. म्हणून तुमच्या सासूबाई गप्प झाल्यात हे वाक्य मला तुमच्या मुलाच्या वहीपेक्षा जास्त लागलं.

आता मिस्टरांकडे वळते, त्यांनी हे वाचलं तर बरंच. गावाकडच्या मित्राचा फोन आला की ते बाल्कनीत जाऊन मस्त अहिराणी हाणतात की नाही? आणि आत आले की पोराशी मराठी, मधेमधे इंग्लिश. मी न विचारता सांगते, कारण सातपूर-सिडकोच्या प्रत्येक दुसऱ्या घरात हेच आहे. पोराला वाटतं ही बाल्कनीतली भाषा आहे, मोठ्या माणसांची, आपली नाही. युनेस्कोने धोक्यातल्या भाषांच्या पायऱ्या केल्यात त्यातली एक वाचून मी गार झाले होते. आजी-आजोबा बोलतात, आईबापांना समजते पण ते मुलांशी किंवा एकमेकांत बोलत नाहीत, ही ‘तीव्र धोक्या’ची पायरी, आणि त्याच्या खाली भाषा संपायच्या आधीची एकच पायरी उरते. अख्खी अहिराणी तिथे गेलीय असं मी म्हणत नाही, कसमादेच्या (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) गावांत पोरंसोरं अजून फाडफाड बोलतात. पण नाशिकच्या फ्लॅटमधली अहिराणी? माझ्या घरातली तर त्या पायरीवरच बसलीय.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांचं असंच झालं होतं. म्हातारे बोलायचे, मधल्या पिढीला इंग्रजीने घेतलं, आणि १९७० च्या दशकात लक्षात आलं की माओरी बोलणारी लहान मुलं फारच थोडी राहिलीत. मग त्यांनी काय केलं, तर मधल्या पिढीला बाजूला ठेवलं आणि म्हाताऱ्यांना थेट बालवाडीत नेऊन बसवलं. १९८२ मध्ये पहिली ‘कोहांगा रेओ’ सुरू झाली, म्हणजे भाषेचं घरटं, तिथे दोन-तीन वर्षांच्या पोरांशी आज्या दिवसभर फक्त माओरीत बोलायच्या, खाऊ पण माओरीत, रागावणं पण माओरीत. १९८७ मध्ये माओरी तिथली राजभाषा झाली. कायदा नंतर आला, आज्या आधी आल्या.

तुमच्याकडे घरटं फुकट आहे हो, सासूबाई घरातच आहेत! फक्त तुम्ही मधून बाजूला व्हा. आजी काही म्हणाली आणि पोराला कळलं नाही तर तुम्ही ट्रान्सलेट करायचं नाही, हा एकच नियम पाळा. तिने म्हटलं ‘पानी आन रे’ तर त्याने आणावं, नाही कळलं तर तिने हाताने दाखवावं. त्याला भूक लागली तर आजीजवळच मागायची, आणि ‘माले भूक लागनी’ म्हटल्याशिवाय लाडू नाही, एवढी लाच चालते. शनिवारी दुपारी दोघांना स्वयंपाकघर द्या. पोळी भाजायचं मातीचं खापर गॅसवर जमत नाही हे माहितीय, पण पुरणाची पोळी लाटण्याशिवाय नुसती दोन हातांवर फिरवत फिरवत कशी मोठी होते हे आजीने साध्या कणकेच्या गोळ्यावर दाखवलं तरी पोरगं तासभर हलणार नाही, त्याची फाटेल, आजी हसेल, आणि त्या तासात जेवढी अहिराणी होईल तेवढी तुम्ही चार्ट लावून वर्षात शिकवू शकणार नाही.

आणि पाहुण्यांपुढे ‘आजीसारखं बोलून दाखव बरं’ हे बिलकुल नको. एकदा भाषेची नक्कल झाली की संपलं. मोबाईलवरच्या खानदेशी कॉमेडीबद्दल माझं थोडं असंच आहे. मालेगावात त्याची अख्खी इंडस्ट्री उभी राहिली, पोरं कुठून कुठे पोचली, कौतुकच आहे, मीपण बघते आणि हसते, पण त्यात अहिराणी बोलणारा नेहमी बावळटच का असतो? पोराने आधी अहिराणीत रुसायला, मागायला, भांडायला शिकावं, मग हसावं.

प्रश्न : आपला अहिराणीचा उमाळा वाचला. अहिराणी ही मराठीची बोली आहे. मराठीला एवढ्या खटपटीने अभिजात दर्जा मिळाला, आणि आपण बोलींचे स्तोम माजवून मराठीचेच तुकडे पाडत आहात असे वाटत नाही का? – एक निवृत्त वाचक, गंगापूर रोड

काका, नाही वाटत.

भाषा की बोली या वादात मी पडणार नव्हते पण तुम्ही ओढलंच आहे तर थोडं बघू. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने जे भारताचं भाषिक सर्वेक्षण केलं त्यात मराठीचा खंड ७वा. खानदेशी त्यात नाहीये, ती ९व्या खंडाच्या ३ऱ्या भागात भिल्ली भाषांसोबत आहे, १९०७ साली छापलेल्या. आपली जनगणनासुद्धा खानदेशी मराठीत मिसळत नाही, वेगळी मोजते आणि अहिराणी तिच्यात धरते. आणि कानाने ऐका ना, ‘आहे’ला अहिराणीत ‘शे’, ‘घरात’ला ‘घरमा’, ‘माझा-माझी-माझं’ला ‘मना-मनी-मनं’, ‘मला’चं ‘माले’, ‘आला’चं ‘उना’, ‘गेला’चं ‘गया’. सुरतेचा माणूस कळवणच्या बाजारात उभा राहिला तर त्याला निम्मं ओळखीचं वाटेल, त्याच्या घरमा पण ‘मा’च आहे. उलट पुण्याचा माणूस गोंधळेल. तरी मराठीशी नातं इतकं दाट की अभ्यासकांमध्येही एकमत नाही. मला विचाराल तर सख्खी बहीण म्हणा, मावसबहीण म्हणा, पण मोलकरीण म्हणू नका. (आणि बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही बरं का, ती लेवा गणबोली, जळगावकडची. प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी हे उलटं सांगतंच.)

तुकड्यांचं म्हणाल तर आकडे बघा. २००१ च्या जनगणनेत खानदेशी सांगणारे साधारण २० लाख ७५ हजार होते, २०११ ला १८ लाख ६० हजार. लोकसंख्या वाढली आणि हे कमी झाले. ते कुठे गेले नाहीत, नाशिकला, पुण्याला, सुरतेला आले आणि फॉर्मवर ‘मराठी’ किंवा दुसरं काही सांगून मोकळे झाले, असा माझा अंदाज. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती, अशी जनगणनेची सरळ व्याख्या आहे, तुम्हाला लिहिता येते ती नव्हे, शाळेत होती ती नव्हे. त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा सांगता येतात. म्हणजे अहिराणी लिहून मराठी पुसली जात नाही. पुढच्या वेळी प्रगणक दारात आला की त्याने आपल्या मनाने रकाना भरायच्या आधी आपण सांगायचं, एवढं तर कोणीही करू शकतं.

आणखी एक, तुम्हाला तंजावरच्या मराठीचा अभिमान असणारच, मलाही आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा इतिहास मराठीत आहे, म्हटलं की छाती फुगते. पण दगड राहिला त्यात नवल नाही. १८५५ मध्ये राज्य गेलं, दरबार गेला, शाळा नाही, चारी बाजूंनी तमिळ, आणि तरीही तिथली काही घरं आजही चुलीपाशी मराठी बोलतात, जुनी, तमिळ मिसळलेली. आता समजा तिथल्या एखाद्या मास्तरांनी त्यांना सांगितलं असतं, की ही कसली मोडकी भाषा, तमिळसारखी अभिजात भाषा असताना, तुकडे पाडू नका. आपण काय म्हटलं असतं त्या मास्तरांना? तंजावरात मराठी लहान आणि नाशकात मोठी, एवढाच फरक आहे काका. मोठ्या भावाने जसं वागावं असं आपल्याला तमिळकडून वाटतं तसं आपण इथे वागायचं.

कुसुमाग्रजांच्या गावात राहतो आपण, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे बोर्ड चौकाचौकात लागतात. सहा दिवस आधी, २१ला, जागतिक मातृभाषा दिन असतो. ढाक्यात १९५२ ला बांगला भाषेसाठी पोरांनी गोळ्या खाल्ल्या तो दिवस, युनेस्कोने १९९९ मध्ये जाहीर केलेला. त्या दिवशी एक तरी बोर्ड अहिराणीत किंवा आदिवासींच्या कोकणा बोलीत लागलेला मी पाहिला नाही. सहा दिवसांत आपली मातृभाषा बदलते की काय!

प्रश्न : आम्ही सातपूरची पोरं दरवर्षी कानबाईची, आपल्या खानदेशी देवीची, मिरवणूक काढतो, हजारो लोक नाचतात. म्हणजे आपली संस्कृती जिवंतच आहे ना? मग एवढं टेन्शन कशाचं?

मिरवणूक बघायला मी येते रे दरवर्षी, नाचत नाही एवढंच. पण एक विचारू, मिरवणुकीत एकमेकांना हाका कोणत्या भाषेत मारता? ‘अरे भाई, ट्रॅक्टर साईडला घे’ असंच ना?

मॉरिशसला मराठी लोक १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेले, त्यातले पुष्कळ कोकणातले. तिथे आज गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी विषय घेता येतो, भजनं होतात. आणि घरी? घरी क्रिओल, तिथली रोजची बोली. मोदक राहिला आणि ‘मोदक दे गं’ गेलं. ते लोक मराठीसाठी किती धडपडतात हे माहितीय, त्यांना नावं ठेवत नाहीये, उलट आपण त्यांच्याकडून शिकायचं आहे की सण आपोआप भाषा वाहून नेत नाही.

कानबाईत मिरवणुकीपेक्षा भारी गोष्ट आहे ती रोट. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आमच्या मामाकडे त्याआधी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, आणि त्या दळणाचं जे होईल तेच रोट, ते भाऊबंदांनीच खायचं, बाहेरच्याला नाही. मी भाची, म्हणजे बाहेरची, मला मिळायचं नाही आणि मी रडायचे. आता त्यात किती बोलणं होतं बघ. कोणाच्या नावाची मूठ, कोण नोकरीला बाहेर, कोण यंदा भांडून आला नाही, नारळाला नथ कोणी घालायची, रातभर गाणी कोणी म्हणायची. हे सगळं अहिराणीत चालायचं कारण दुसरी भाषा त्या अंगणात नव्हतीच. (बायकांच्या नावाची मूठ का नाही हा माझा जुना प्रश्न आहे, तुमच्या पिढीने तेवढं बदललं तर मी खरंच नाचेन.) तर डीजे ठेवा, पण रविवारी रात्री दोन तास बंद करा आणि म्हाताऱ्या बायांना माईक द्या. मोबाईलवर रेकॉर्ड करा, खाली गावाचं आणि त्यांचं नाव लिहून ठेवा. त्या गाण्यांतले निम्मे शब्द तुम्हाला कळणार नाहीत, दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा. विचारायला गेलात की चहा मिळेल, अहिराणीत.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिलीची मुलं कोकणा बोलतात, पुस्तकातलं त्यांना परकं वाटतं. मला त्यांची भाषा येत नाही.

सर, वाचणाऱ्यांसाठी आधी सांगते की ही कोकणा म्हणजे गोव्याची कोकणी नव्हे, आपल्या सुरगाणा-पेठ-कळवण पट्ट्यातल्या आणि पलीकडे डांगातल्या आदिवासींची बोली.

तुम्हाला येत नाही हे वर्गात उघड सांगा, हीच सुरुवात. रोज पोरांनी तुम्हाला पाच शब्द शिकवायचे आणि तुम्ही ते फळ्यावर एका बाजूला लिहायचे, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला शब्द. गुरुजी चुकले की पोरं जी खूश होतात! चूक सुधारण्याच्या नादात ती स्वतः बोलायला लागतात. वरून कोणी विचारलं तर राज्यघटनेचं कलम ३५० क तोंडपाठ ठेवा. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकायची सोय करावी असं त्यात आहे, १९५६ च्या ७व्या घटनादुरुस्तीने आलेलं. आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत मातृभाषेवर भर आहेच. गावातली एखादी आजी आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला येईल का बघा, मानधन नाही जमलं तर भाडं-नाश्ता तरी.

प्रश्न : आम्ही सिंधी, देवळाली कॅम्पला तीन पिढ्या झाल्या. मुलं सिंधी समजतात पण उत्तर हिंदीत देतात. शिकवायचं तर लिपी अरबी की देवनागरी यातच घरात भांडण आहे. तुमच्या मराठी मासिकात विचारतोय, चालेल ना?

अहो चालेल काय, तुमचं मराठी माझ्या भाच्यापेक्षा चांगलं आहे. सिंधीला तर आपलं राज्यच नाही, १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत आली पण त्याने घरातलं पोरगं काही बोलायला लागत नाही. लिपीचं भांडण थोरांनी दिवाळीनंतर करावं. सध्या पोरांना देवनागरी येतेच, तीत लिहू द्या, नाहीतर लिहूच नका. व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या ग्रुपला फक्त व्हॉइस नोट, टायपिंग बंद, आणि व्हॉइस नोट सिंधीत. लिपीचा प्रश्नच मिटला! मुलाने हिंदीत उत्तर दिलं तर रागवायचं नाही, तेच वाक्य आपण सिंधीत परत म्हणायचं आणि बोलणं पुढे न्यायचं. महिनाभर वेड लागेल तुम्हाला, पण करून बघा. अरबी लिपी ज्याला जुनं वाचायची आवड लागेल तो मागून शिकेल.

प्रश्न : ताई, लोकांना एवढं सांगता, तुम्ही स्वतः बोलायला लागलात का?

हा प्रश्न येणार माहिती होतं, आणि तो चौघींनी विचारला.

परवा मावशीला फोन लावला, ती ऐंशीच्या पुढे आहे, मालेगाव तालुक्यातच. आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं होतं, ‘मावशी, जेवन व्हयनं का?’ एवढंच. म्हटलं तर पलीकडे शांतता. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, ‘कोन बोली राहिनं?’ म्हटलं मावशी मी, आणि नाव सांगितलं. तर म्हणते, ‘तुना आवाज वयखूच उना नही माले.’ पुढे वीस मिनिटं ती बोलली, कांद्याचा भाव, गुडघा, सुनेचं ऑपरेशन, मी नुसतं हा, हा करत होते, मधे घाबरून दोनदा मराठीत शिरले. ठेवताना ‘उद्या परत करते फोन’ म्हटलं, तर तिने तिथल्या तिथे सुधारलं, ‘करते नही, करस म्हन.’